चार बोटं कापड

लेकीच्या शाळेचा फ्रॉक आखूड झाला म्हणून काल खालची शिवण उसवली. आत दुमडलेली पट्टी निघाली, अजून गडद निळी, कोऱ्या कापडासारखी. आणि मला उरणजवळचं ते एका खोलीचं घर आठवलं.

मी नोकरीत नवी होते. आईबाप गेलेली सहा वर्षांची एक मुलगी पनवेलला आमच्या बालगृहात होती आणि तिच्या आजीला ती परत हवी होती. घर बघून अहवाल द्यायला संस्थेच्या प्रमुख एस्थरबाई मला घेऊन गेल्या. मी फॉर्म भरत सुटले: पलंग नाही, पंखा नाही, सुकटीचा वास. बाई मात्र जमिनीवर बसून, आजीने नातीसाठी शिवलेला फ्रॉक उलटा करून बघत होत्या. आत चार बोटं कापड दुमडलेलं होतं.

"एवढं कशाला ठेवलंत?" बाईंनी विचारलं.

"पोर वाढंल ना, बाय. दर सालाला थोरा उसवीन," आजी म्हणाली.

बाई माझ्याकडे वळल्या. "हे लिहिलंस?"

"याला रकाना नाही, मॅडम."

"मग समासात लिही."

मी लिहिलं, जरा घुश्शातच. महिन्याभरात मुलगी घरी गेली, तोच फ्रॉक घालून.

बाई निवृत्त झाल्या, तरी दर रविवारी अशा घरांत स्वतःहून जातात आणि जमिनीवरच बसतात. नव्या मुलींना फॉर्म भरायला आता मी शिकवते. तो रकाना त्यात अजूनही नाही. म्हणून छापायला देताना मी समास रुंद ठेवायला सांगते.