लातूरच्या दोन खोल्या

भोकरचा प्लॉट विकला तेव्हा हे म्हणाले, "पैसे बँकेत ठेवू." मी म्हणाले, "लातूरला घर घेऊ आणि भाड्यानं देऊ." आम्ही राहतो नांदेडला. मी तेव्हा अर्धापूरच्या शाळेत शिकवायची, रोज बसनं जाऊन-येऊन. बरोबरच्या कितीतरी शिक्षकांची मुलं क्लाससाठी लातूरला होती. तिथं खोली मिळत नाही, ही तक्रार मी बसमध्ये, स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकलेली. एवढ्या भांडवलावर मी घरमालकीण व्हायचं ठरवलं.

घर मिळालं ते क्लासेसच्या भागापासून चालत दहा मिनिटांवर. खाली बंद गाळा, वर दोन खोल्या, जिना बाहेरून. विकणारे गृहस्थ निवृत्त होते, मुलाकडं पुण्याला निघाले होते. घासाघीस फारशी केलीच नाही त्यांनी. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. माणूस इतक्या सहज का विकतोय?

मी लातूरला तीनदा गेले. एकदा तर भर मे महिन्यात, दुपारी, बोअरला पाणी येतं का ते बघायला. समोर एका म्हाताऱ्या टेलरचं दुकान होतं. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची. त्यांना विचारलं, "चाचा, या घरात काही भानगड आहे का?"

मशीन थांबवून ते म्हणाले, "बाई, घर अच्छं हाय. मालक घरात एकटा पडला, म्हणून बेट्याकडं चाल्ला. दुसरं काय न्हाई."

चाचाही सामील आहेत, असं मला वाटलं. वकिलाकडून कागदपत्रं तपासून घेतली, मग तो वकील बरोबर आहे का हे दुसऱ्या वकिलाकडून तपासून घेतलं. ह्यांनी कपाळावर हात मारला. दोघांनीही एकच सांगितलं, कागद स्वच्छ आहेत. तेव्हा कुठं मी सही केली.

पहिली भाडेकरू आली ती उदगीरकडच्या एका खेड्यातली बाई. नवरा गावाकडं शेती बघायचा. ही लेकीला घेऊन आलेली. लेक नीटची तयारी करत होती. मला ती पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायला लागली. मी अकरा महिन्यांचा करार केला, पोलिसांकडं द्यायचा फॉर्म भरून घेतला, भिंतींचे, नळांचे, संडासाच्या फरशीचेसुद्धा फोटो काढून ठेवले. ती सगळं शांतपणे बघत होती. दाराच्या लॅचची एक किल्ली तिला दिली, एक माझ्याकडं ठेवली. "अडीअडचणीला असू दे," म्हणाले.

भाडं दर महिन्याला वेळेवर यायचं. याचाही मला संशय यायचा.

तिसऱ्या महिन्यात मी सहज म्हणून गेले, तर दारात चपलांचे सहा जोड. सगळे बायका-मुलींचे. करारात माणसं दोन. मी विचारलं तशी ती म्हणाली, "लेकीच्या मैत्रिणी हायत अक्का, अभ्यासाला येत्यात." पण आतून फोडणीचा वास येत होता आणि तो दोन माणसांच्या भाजीचा नव्हता. शिवाय चाचांनी जाता जाता सांगितलं की हल्ली वरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते. बसमध्ये बसल्यापासून माझं डोकं चालू झालं. हिनं पोरी ठेवल्यात. माझ्या खोल्यांचं हॉस्टेल करून वरचे पैसे ही खातेय.

पुढच्या आठवड्यात फोनवर ती बोलता बोलता म्हणाली, "मंगळवारी मी गावाकडं चालले, तुरीच्या राशीला." मुलगी दुपारपर्यंत क्लासला असते हे मला माहीत होतं. मंगळवारी मी शाळेत रजा टाकली. ह्यांना सांगितलं, दवाखान्यात जातेय.

जिना चढताना आपलं घर आहे, आपण चोर नाही, असं मनात घोकत होते. दार न वाजवता किल्ली फिरवली. बाहेरच्या खोलीत चटई, पुस्तकं, भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक. गाद्या दोनच. म्हणजे पोरी राहत नव्हत्या. ओट्याखाली मात्र मोठं पातेलं आणि स्टीलचे डबे, प्रत्येकावर पट्टी चिकटवून नाव लिहिलेलं. म्हणजे मेस! मी खाली बसून एक डबा उचलला, झाकण उघडलं.

मागून आवाज आला, "मावशी?"

आतल्या खोलीच्या दारात मुलगी उभी होती. अंगावर चादर, डोळे तापानं लाल, आणि हातात खलबत्त्यातला बत्ता. मला ओळखून तिनं तो हळूच खाली केला.

"मीटर बघायला आले होते," मी म्हणाले.

"मीटर खाली जिन्याजवळ आहे," ती म्हणाली. मग तिनं बत्ता ओट्यावर ठेवला आणि मला पाण्याचा तांब्या भरून दिला.

ते पाणी मी कसं प्यायले, माझं मलाच माहीत. तुला ताप किती आहे, औषध घेतलंस का, हे विचारायचंसुद्धा मला जिना उतरल्यावर सुचलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. मी भांडणाच्या तयारीत होते.

"अक्का, मी डबे करते. चार पोरींना दोन टायमाला. तुम्हाला सांगितलं न्हाई, ही माझी चूक. आधी दुसरीकडं राहत होतो, तिथल्या मालकानं डब्यांपायीच खोली खाली करायला लावली होती, म्हणून भ्याले."

"मग माझ्याशी खोटं बोलायचं?"

"बोलले खोटं. पर लेकरू एकटं होतं हो घरात. कुलूप फिरल्यावर तिला काय वाटलं असंल? ती किल्ली मला द्या. न्हाईतर म्हैना संपला की आम्ही जातो."

ती चढ्या आवाजात बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तीन दिवस काहीच उत्तर दिलं नाही. किल्ली दिली तर घरावरचा ताबाच गेला, असं वाटत होतं. शेवटी ह्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "आपली मुलगी त्या खोलीत असती, आणि मालक असा आत आला असता तर?"

रविवारी मी लातूरला जाऊन किल्ली तिच्या हातात ठेवली. ती म्हणाली, "अजून एखादी हाय का?" मी नाही म्हणाले. खरंच नव्हती, पण तिनं माझ्या चेहऱ्याकडं निरखून बघितलं. तिला माझा विश्वास वाटत नव्हता आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. डबे चालू ठेवायचे, उन्हाळ्यात टँकर लागला तर खर्च निम्मा-निम्मा, असं ठरलं. कागदावर लिहा, असा आग्रह या वेळी तिनं धरला.

त्या दोन वर्षं राहिल्या. पहिल्या खेपेला मुलीला गुण कमी पडले, दुसऱ्या खेपेला आयुर्वेदाला नंबर लागला, नांदेडला. खोल्या सोडताना तिनं भिंती पुसून दिल्या. मग थोडं घुटमळून म्हणाली, "अक्का, नांदेडात तिच्यासाठी खोली बघायचीय. तुम्ही चला बरोबर. मालक कसा हाय ते तुम्हाला लगेच कळंल. तुमचा सोभाव तसाच हाय."

मी हसावं की रागवावं? पण गेले. पहिल्या घरी मी मालकाला इतके प्रश्न विचारले, की तो वैतागून म्हणाला, "मला खोली द्यायचीच न्हाई." दुसरीकडं गच्चीवरच्या खोलीच्या दाराला आतून कडीच नव्हती. आम्ही एकमेकींकडं बघितलं आणि जिना उतरलो. संध्याकाळी तिसरं घर मिळालं. एक विधवा बाई खाली राहत होती, वर दोन मुली आधीच होत्या. तिनंच आम्हाला अर्धा तास उभं करून चौकशी केली: मुलीचे वडील काय करतात, पाहुणे किती येतात, डबा कुठला.

बाहेर आल्यावर उदगीरवाली म्हणाली, "ही चांगली हाय."

मीही तेच म्हणाले.