घराच्या धन्याचा शब्द

शाळेच्या मोठ्या डिक्शनरीतून कठीण शब्दांचे अर्थ उतरवून आणायचं काम बाबांनी मला लावून दिलं होतं. ते जालन्याच्या कोर्टात वकील होते. कोर्टाचं सगळं उर्दूत चाले, त्यामुळे त्यांचं इंग्रजी बेताचंच. पण निजामी राज्याचं पुढे काय होणार, हे इंग्रजी पेपरातून कळावं अशी त्यांना ओढ होती. मी मिशनच्या शाळेत जायची. रविवारी ओसरीवर मी पेपर वाचायचा आणि अडेल तिथे अर्थ सांगायचा.

त्या रविवारी शब्द होता ‘डॉमिनेशन’.

तेव्हा वहिनीची आई अंबडला आजारी होती. माझी आई गेल्यापासून घरात बायका आम्ही दोघीच, आणि दादा नोकरीला परभणीला. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. वहिनी मला सांगायची आणि मी तिचं बोलणं ओसरीवर न्यायची.

गुरुवारी ती म्हणाली होती, “वन्सं, मामंजींना म्हणा, आई उठंना झाली. मला जाऊ द्या. बराबर असंच सांगा.”

बाबा खटल्याच्या कागदांत गुंतले होते. त्यांच्या कपाळावरच्या आठीला मी भ्यायची. मी म्हणाले, “वहिनीला सवडीनं माहेरी जाऊन यायचंय.”

“पाहू पुढच्या महिन्यात,” ते मान वर न करता म्हणाले.

वहिनीला मी तेवढंच सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.

“डॉमिनेशन म्हणजे हुकूमतच ना?” रविवारी बाबांनी विचारलं.

“हो. पण मूळ लॅटिनमधलं आहे. ‘डोमुस’ म्हणजे घर. घराचा धनी तो ‘डॉमिनस’. त्याच्यावरून आलाय.”

“घराचा? मला वाटलं, कुण्या बादशहाचा असंल.” ते हसले. “म्हंजे कोर्टात मी ज्यांच्यापुढं वाकतो, ते सगळे घरातूनच निघाले म्हण की! पण मी तर बिलकुल कुणावर जोर करत न्हाई. घरात कुणाला कधी न्हाई म्हटलं का मी?”

त्यांनी मनापासून विचारलं होतं, आणि ते खरंही होतं. वहिनीला त्यांनी नाही म्हटलंच नव्हतं. त्यांच्या धाकानं मीच ते त्यांच्या आधी म्हणून टाकलं होतं.

मी पेपर खाली ठेवला. “वहिनीची आई उठत नाहीये. मी तुम्हाला नीट सांगितलं नाही.”

“का?”

“तुम्ही कामात होता.”

रागावतील असं वाटलं. ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

“सूनबाई, आई किती दिवसांची आजारी हाय?”

वहिनीनं पदर ओढला आणि सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, मग मिटलं.

“नऊ दिवस झाले,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “अन्न जाईना म्हणतात.”

“मंग जल्दी कपडे बांधा. मी टांगा आणतो. अंबडला पोचवून येतो.”

टोपी न घालताच ते गल्लीत गेले.

आई जाण्याआधी वहिनीला तिच्याजवळ तीन दिवस मिळाले. गुरुवारीच निघाली असती तर सहा मिळाले असते. हे ती मला कधीही म्हणाली नाही.