टॅबमधलं "पुरे"

पोरांनो, दिवाळीत तुम्ही लातूरला आलात की तुमच्या आतेभावाशेजारी जेवायला बसाल. त्याच्या ताटात कुणी आग्रहाने काही वाढत नाही आणि तुमच्या ताटात मात्र वाढतच राहतात, हे पाहून रुसाल. म्हणून आधीच सांगून ठेवते.

तो लहान असताना बोलत नव्हता. ऑटिझम आहे, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पोट भरलं की ताट भिरकावायचा, आणि लोक तुमच्या आत्याला म्हणायचे, पोराला वळण लावा. लातुरात तेव्हा गल्लीगल्लीत कोचिंग क्लासचे फलक. अशाच दोन फलकांमधल्या जिन्याने वर गेलं की स्पीच थेरपीच्या बाई भेटायच्या. त्यांनी टॅबमध्ये चित्रं बसवून दिली. चित्रावर बोट ठेवलं की टॅब तुमच्या आत्याच्या आवाजात बोलायचा: पाणी, दही, पुरे. "प्लीज"चंही चित्र हवं, असं मी सुचवलं. बाई म्हणाल्या, आजी, आधी मागू तर द्या. पण त्याने सांगितलेलं लगेच ऐकायचं, नाहीतर तो सांगणंच सोडून देईल, हे त्यांनी बजावलं.

हे औशाच्या आत्याआजीला, म्हणजे माझ्या नणंदेला, कोण समजावणार? भूकंपानंतर सगळे उघड्यावर राहत होते, तेव्हा तिने ताडपत्रीखाली चूल मांडून अख्ख्या गल्लीला जेवू घातलं होतं. तेव्हापासून एका नकारावर तिच्या हातून कुणी सुटलेलं नाही.

मी नांदेडहून लातूरला गेले होते, तेव्हाच ती आली आणि तिने धपाटे केले. त्याने एक खाल्ला आणि बोट ठेवलं. टॅब म्हणाला, "पुरे."

"लाजून राहिलाय," म्हणत तिने दुसरा वाढला. त्याने पुन्हा दाबलं. तिने टॅबलाच दटावलं, "तू गप बस गं. तुला काय कळतंय त्याच्या पोटातलं?"

आम्ही हसलो. तुमची आत्या हसली नाही. त्याने टॅब दूर सारला होता आणि हात ताटाच्या कडेला गेला होता.

"आत्या," ती हळूच माझ्या नणंदेला म्हणाली, "ताट न फेकता आज पहिल्यांदा सांगितलंय त्यानं."

नणंदेने तो धपाटा उचलून स्वतःच्या ताटात ठेवला आणि टॅब त्याच्यापुढे सरकवला. "बरं बाबा. पुरे म्हंजे पुरे."

त्याचा हात ताटावरून निघाला. तो टॅबकडे वळला. मग बोट ठेवलं. "दही."

तिने वाटी भरली. आणखी वाढायला चमचा उचलला, टॅबकडे पाहिलं आणि खाली ठेवला. तिची अशी हार मी पुन्हा पाहिली नाही.

तो टॅब कधीच बंद पडला. आता त्याच्याकडे नवा आहे. आत्याआजी अजून वाढते. पण त्याने एकदाच "पुरे" म्हटलं तरी ते आपल्या घरात चालतं. तुमचं चालणार नाही.