अक्कांची भाटी

आमच्या थोरल्या जाऊबाई, अक्का, माणसांशी चढ्या आवाजात बोलत आणि मांजरांशी कुजबुजत. रहिमतपूरकडच्या आमच्या घरात त्यांचा आवाज पहाटेपासून घुमायचा. पण वैरणीच्या खोलीचं दार लोटलं की बाई एकदम हळुवार.

लढाईचे दिवस होते. आम्हा दोघींचे मालक पलटणीत, घरी सासरे आणि आम्ही. त्या साली उंदरांनी कणग्या पोखरल्या, बियाण्याची ज्वारीसुद्धा सोडली नाही. मग अक्कांनी कराडजवळच्या माहेराहून गोठ्यातली दोन मांजरं आणली, एक बोका आणि एक गाभण भाटी. आल्याबरोबर ती वैरणीच्या खोलीत कोंडली.

"उंदीर भाईर आन् मांजरं आत!" मामंजी वैतागले.

"सासरी आली तवा हीबी कोपऱ्यात बसून हुती," अक्कांनी माझ्याकडे बोट केलं. "जरा रुळू द्या. आत्ता सोडली तर कराडची वाट धरतील."

दिवेलागणीला त्या दुधात भाकरी कुस्करून नेत आणि मांजरांकडे पाठ करून बसत. "बगत बसलं की बुजत्यात," म्हणत. बोका लवकर माणसाळला. भाटी कडब्यामागून फिस्कारायची.

एका दुपारी मामंजी कडबा काढायला गेले आणि भाटी त्यांच्या पायांतून पसार झाली. म्हातारा कानकोंडा होऊन उभा. अक्का कुणावरच ओरडल्या नाहीत, त्यानंच आम्ही धास्तावलो. भाटी निजायची ते गोणपाट त्यांनी दाराबाहेर अंथरलं, शेजारी दूध ठेवलं. ते कुत्री पिऊन जात. पलटणीतूनही बरेच दिवस खुशाली नव्हती. तो विषय घरात कुणी काढत नसे.

मग एका सकाळी अंगण झाडायला गेले, तर भाटी गोणपाटावर! अंगभर कुसळं, एक पाय लंगडा, पोट मात्र शाबूत. माझी हाक ऐकून अक्का शेणाच्या हातांनी धावत आल्या आणि तिथंच मटकन बसून रडू लागल्या.

"आली गं बया! येतोया, जीव परत येतोया."

मामंजींनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. "हितनं फुडं कडबा तुमीच काढा," म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी आम्ही तिघं हसलो.

पिल्लं झाली. पुढल्या साली कणग्या शाबूत राहिल्या आणि पेरणी घरच्याच ज्वारीवर झाली. लढाई संपली, दोघं भाऊ धडधाकट परतले आणि थोरल्या दिरांना सांगलीला पहारेकऱ्याची नोकरी लागली.

गाडी जुंपली तेव्हा मी म्हटलं, "अक्का, भाटीला न्या की."

"नगं. तिला पुन्यांदा कशाला हलवू?" त्यांनी तिच्या कानामागं खाजवलं. "माजं निराळं हाय. मी मालकासंगं चालले."

अक्का दिरांशेजारी गाडीत बसल्या. वळणापर्यंत त्यांनी एकदाही मागं पाहिलं नाही, आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.