वाघिणीतली पोती

"वाघीण बघायला चाललोय," असं सांगून मी गुरुवारी सुट्टीच्या दिवशी पुण्याहून निघालो, तेव्हा शेजारच्या काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा, हे त्यांना कोण समजावणार! माझ्या पिशवीत बिस्किटांच्या पत्र्याची, वीतभर लांबीची उघडी वाघीण होती आणि तीत बोटाएवढी वीस पोती. मागच्या रविवारी चिंचवडहून परतताना गाडी सिग्नलला थांबली, तेव्हा खिडकीतून एका गोदामाच्या सायडिंगवरची (आडरुळावरची) पोत्यांनी भरलेली वाघीण मी नंबरासकट वहीत उतरवली होती. तिच्यावरून ही केली; पण माल खरा वाटेना. ड्रॉइंग मास्तराला हे कसं सोसावं?

दापोडीला उतरून रुळांच्या कडेने निघालो. डोक्याला फडकं बांधलेला एक आडदांड इसम मागे लागला. मी थांबलो की तोही थांबे. मी पिशवी छातीशी धरली आणि पाय उचलले.

गोदामाच्या फाटकात कारकून भेटले. इस्त्रीचा सदरा, बोलणं थेट सदाशिव पेठेतलं. जिवात जीव आला. त्यांनी चहा मागवला आणि आवाज खाली केला.

"हल्ली पोत्यांत जोंधळा कमी भरतोय. तुमच्या मागे होता ना, तो हसनभाई, हमालांचा मुकादम. आज मालक येऊन त्याच्या सगळ्या टोळीला काढणार आहेत. पिशवी सांभाळा."

मला ते लगेच पटलं.

तेवढ्यात हसनभाई दारात उभा. "पिशवीत काय हाय, मास्तर? मघाधरनं रूळच बघत चाललाय."

मी चिडून वाघीण टेबलावर ठेवली. "घ्या, शोधा तुमचा जोंधळा!"

तो हसला नाही. वाकून त्याने एकेक पोतं निरखलं.

"रचलीत झ्याक. पर तोंडं भाईर का?"

"म्हणजे?"

"पोत्याचं शिवलेलं तोंड आमी आत करतो. भाईर ऱ्हायलं तर वाटंत कुनीबी टाका उसवून हात घालतंय. हमाल असं कधी रचायचा न्हाई. कुनी शिकवलं तुमाला?"

"कुणी नाही. इथेच पाहिलं तसं केलं. रविवारी."

"ऐतवारी?" (रविवारी.) तो सरळ उभा राहिला. "ऐतवारी आमची टोळी येतच न्हाई!"

कारकुनांचा कप बशीत खणकन वाजला. "मास्तरांची काहीतरी चूक होतेय," ते म्हणाले.

मालक आले, तेव्हा मी वही पुढे केली. चित्राखाली वार होता, वाघिणीचा नंबर होता. मालकांनी दोनदा पाहिलं आणि विचारलं, "रविवारी किल्ली कुणाकडे असते?"

कारकुनांनी चष्मा पुसायला घेतला. ते पान मी फाडून दिलं. टोळी कामावर राहिली.

हसनभाई मला स्टेशनापर्यंत सोडायला आला. गाडी दिसल्यावर म्हणाला, "राग मानू नका, मास्तर. मला वाटलं, चोरांचा मानूस तुमीच."

मी नुसता हसलो. माझ्या मनात काय होतं, ते सांगायचं धैर्य झालं नाही.

गाडीत बसल्यावर मला स्वतःची लाज वाटली. अनोळखी माणूस मालाभोवती घुटमळतो म्हणून हसनभाईला माझा संशय आला, त्यात गैर काय? माझ्याकडे तेवढंही कारण नव्हतं. कारकून माझ्यासारखं बोलत होता, एवढंच.