बुधवारची मराठी प्रार्थना

एकाहत्तरच्या लढाईत आमचं जबलपूर भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा कारखान्याच्या फाटकाकडे, पाळी सुटली की तोच लोंढा सदर बाजाराकडे, दिव्यांच्या काचा अर्ध्या काळ्या रंगवलेल्या. त्यात मीही, नवा नवा तपासनीस. तोफगोळ्यांच्या टोपणांचे आटे गेजच्या मापावर फिरवून पाहायचे आणि ठीक असले की आपला शिक्का मारायचा. आटा चुकला तर गोळा तोफेतच फुटायची भीती. थंडीत लोखंड हाताला लागलं की अजून तो हॉल आठवतो, तेलाचा वास, शेजारच्या भैयाचं गुणगुणणं. बरे दिवस होते म्हणायला लाज वाटते, पण होते.

आमचे पादरीसाहेब हिंदी बोलणारे. चर्चमधली उपासना हिंदीत चालायची, पण मंडळीतल्या मराठी म्हाताऱ्यांना बुधवारची घरची प्रार्थना मराठीतच लागायची. ती चालवणारे गृहस्थ मुलाकडे नागपूरला गेले आणि पादरीसाहेबांनी मला सांगितलं, या बुधवारपासून तू. पहिलं घर एका विधवा मावशींचं. त्यांचा एकुलता मुलगा तोफखान्यात, आघाडीवर.

मी नाही म्हणालो. का, ते सांगायला फार वेळ लागला. डबल पाळीत डोळे मिटत होते तेव्हा एक अख्खी पेटी मी न तपासता, नुसते शिक्के मारून पुढे सोडली होती. पादरीसाहेबांनी आधी मला फोरमनकडे पाठवलं. फोरमननं ऐकून घेतलं, शिव्या दिल्या, मला त्या कामावरून काढलं. पेटी तर कधीच रवाना झाली होती. परत आलो तर पादरीसाहेब म्हणाले, "अच्छा, अब बुधवार को जाओ. हमको मराठी आती तो तुमसे काहे कहते?"

मग मंगळवारीच मावशींकडे गेलो. त्यांनीच नको म्हणावं, एवढीच इच्छा. त्या नाताळच्या करंज्या तळत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी कढई उतरवली.

"काहून आला मग? मी हाकलून द्यावं म्हणून?"

मी हो म्हणालो.

"माझं पोरगं तिथं त्याच गोळ्यांपाशी उभं आहे. त्याच्यासाठी देवाकडे तुझ्यासारखं घाबरून दुसरं कोण मागणार रे? बस."

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले. मी त्या मुलाचं नाव घेतलं. पुढे शब्द सुचेनात, म्हणून परत त्याचंच नाव घेतलं.

तो उन्हाळ्यात सुटीवर घरी आला. ती पेटी कुठे पोचली, हे मात्र मला कधी कळलं नाही. तेव्हापासून बुधवारी मी जातोच. मराठी घरं आता दोन-तीन उरलीत. पोरं ऐकून घेतात आणि बोलतात हिंदीत. प्रार्थनेला तोंड उघडताना अजूनही मनात येतं, माझ्याऐवजी दुसरं कोणी असतं तर बरं झालं असतं.