पत्ते सगळ्याईचे

मे महिन्यात सकाळी सातलाच भिंती तापायला लागत. कोरड्या हवेत धागा तुटतो, म्हणून भागीरथा उठली की आधी मागाच्या खड्ड्यात पाणी शिंपायची, ताण्याच्या उभ्या धाग्यांवर ओलं फडकं फिरवायची आणि मगच पाय सोडून बसायची. नवरा मेल्यापासून बारा वर्षं ती स्वतः विणत होती. नऊवारीचा एकच काठ, आंब्याच्या पानाचा. इतवारी बाजारातले दुकानदार तो तिच्याच हातचा मागत.

काठाचे पत्ते मात्र मोहल्ल्याचे. पुठ्ठ्याच्या पट्ट्या मागावर चढवायच्या, भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो आणि नक्षी उमटते. त्यांचा एकच संच, विणकरांच्या नक्षी मंडळातून तो कुणीही पाळीनं न्यावा, फुकट. याचा मंडळाला भारी अभिमान.

चौऱ्याहत्तर साली मंडळानं ठरवलं, पानापानांत पोपट बसवायचा. पुठ्ठा वाया कशाला घालवा, म्हणून जुन्याच पत्त्यांत जास्तीची भोकं पाडायची. तेवढे धागे एकदम उचलले की भागीरथाच्या जुन्या मागाच्या दोऱ्या तटातट तुटणार होत्या. ती मंडळाच्या ओसरीवर गेली.

"शालिकभाऊ, माह्या मागाले एवढं वजन झेपत नाही. हे पत्ते तसेच राहू द्या."

मंडळाचा मुख्य शालिकराम म्हणाला, "काहून वं? मोहल्ल्यानं तुह्या मागासाठी थांबाचं का?"

"त्या मागाले पेन्शन द्या गा," तंबाखू मळत चंपतराव बोलला. सगळे हसले.

"बारा साल मी इनून राहिली. मले इचारलं कोनं?"

शालिकराम म्हणाला, "इनणारे साठ घरं हायेत. साठाईले इचारत बसू? ज्यानं भोक पाडलं त्याचं मत, हा नेम हाय. तू कोनतं भोक पाडलं?"

"सतराव्या पत्त्यात चूक होती. धागा लोंबे, बायाईच्या जोडव्यात अडके. म्याच दाखवली तुमाले."

"दाखवली तू. भोक म्या पाडलं."

ती जायला वळली. शालिकराम जरा मऊ आवाजात म्हणाला, "नक्कल करून घे नं. कोनी अडवलं? पत्ते सगळ्याईचे हायेत."

भोकं पाडायचं यंत्र मंडळाचं, आणि ते पोपटात गुंतलेलं. भागीरथानं चपलांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले, जुन्या पत्त्यांवरून त्यांवर खुणा केल्या, खिळा आणि वरवंटा घेऊन चार दिवस भोकं ठोकली. पाचव्या दिवशी पत्ते मागावर चढवले. फाटक्या कडांत मागाच्या सुया अडकल्या, पानाचं देठ एकीकडे आणि टोक भलतीकडे. खिळ्याचं भोक यंत्रासारखं साफ पडत नाही, हे मंडळात प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी सांगितलं नाही.

ती मूळ पत्ते मागायला पळत ओसरीवर गेली. जुन्या पत्त्यांत पोपट पाडून झाले होते. भोक एकदा पडलं की बुजत नाही.

तिनं काठाच्या दोऱ्या सोडल्या आणि मागावर साधं, बिनकाठाचं पंच्याचं सूत चढवलं. मग चुलीवर सुताला लावायच्या खळीची पेज ठेवली, खाली बसली आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून ढवळत राहिली.